तीन नंबरचा खोकला

भिवंडीत मला खोली मिळाली ती पगाराच्या चिठ्ठीवर नाही आणि कुणाच्या ओळखीवर तर नाहीच नाही. ती मिळाली माझ्या फुप्फुसांवर. धामणकर नाक्याच्या अलीकडच्या एका गल्लीत चाळीच्या मालकीणबाई पायरीवर बसून बशीतून चहा ओढत होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "जिना चढून वर जा. आन् पलत खाली ये."

मला वाटलं, खोली बघायला पाठवतायत. वर गेले तर समोर नुसती भिंत. पळत खाली आले. त्या माझ्या तोंडाकडे न बघता छातीकडे बघत होत्या.

"धाप न्हाय लागली. चांगली हायेस. तीन नंबर घे."

"भाडं किती, काकी?"

"भाड्याचं बोलू मागून. आदी माजा नेम ऐक. मी सांगंन तवा खोली बदलाची. का म्हनून इचाराचं न्हाय."

मी साताऱ्याकडची. एका गोदामात बिलं बनवायच्या नोकरीवर नुकतीच रुजू झाले होते आणि खोल्या शोधून पायांचे तुकडे पडले होते. त्या वेळी काकींनी एका पायावर उभं राहून झोपायची अट घातली असती तरी मी हो म्हटलं असतं. म्हटलं, बाई एकट्या राहतात, म्हातारपणी माणसाला काहीतरी चाळा लागतो. तो चाळा काय आहे ते पुढच्या महिन्याभरात कळलं, आणि कळलं तेव्हा मी गादी डोक्यावर घेऊन जिना चढत होते.

काकींचं म्हणणं असं की रोग माणसाला होत नाही, खोलीला होतो. माणूस फक्त त्या खोलीत सापडतो. त्यांच्या चाळीतल्या प्रत्येक खोलीचं दुखणं त्यांना तोंडपाठ होतं. चाळीला लागूनच लूमची, म्हणजे यंत्रमागांची शेड होती, तीही काकींच्याच मालकीची, एका सेठला भाड्यानं दिलेली. शेडचे मोठे पंखे आतली हवा बाहेर फेकायचे ती थेट तीन नंबरच्या तोंडावर. म्हणून तीन नंबर म्हणजे खोकल्याची खोली. पाच नंबरच्या मागे गटार, म्हणजे तापाची खोली. वरच्या मजल्यावर टोकाला, जिथे नळाचं पाणी चढत नाही आणि हंडे वाहून न्यावे लागतात, ती गुडघ्यांची खोली. आणि सगळ्यात वर पत्र्याखाली होती ती भांडणाची खोली.

आता एका माणसाला कायमचा खोकला आणि दुसऱ्याला कायमचा वारा, हे काकींना पटत नसे. "नलाचं पानी वाटून घेतंव ना? मंग दुखनं पन वाटून घ्या." त्यामुळे कुणी खोकायला लागलं की काकी पायरीवर काठी आपटायच्या आणि ओरडायच्या, "बदली!" की निघाली सगळी चाळ. तीन नंबरचे सातात, सातवाले पाचात, पाचवाले पत्र्याखाली. जिन्यावर गॅसच्या शेगड्या, पाळणे, शिलाई मशीन, कुणाचा तरी आजोबा. अशा एका बदलीत माझी उशी हरवली, ती मला पुढच्या बदलीत गुडघ्यांच्या खोलीत सापडली, धुतलेली.

भांडणाच्या खोलीची एक गोष्ट सांगायलाच हवी. तिथे एक नवराबायको राहत होते, त्यांचं इतकं विकोपाला गेलं की दोन्हीकडची वडीलधारी मंडळी गावाहून आली. सोडचिठ्ठीचंच बोलणं. खाली सतरंजी अंथरली, चहा फिरला, चुलत सासरे घसा खाकरून सुरुवात करणार तोच काकी आल्या. "किती रात झोपली नाय रं तुमी?" त्यांनी त्या दोघांना विचारलं. दोघं एकमेकांकडे बघायला लागली. खरं म्हणजे उन्हाळा लागल्यापासून कुणालाच आठवत नव्हतं. दिवसभर तापलेला पत्रा रात्रभर त्यांच्यावर आग ओकत होता. "झोप न्हाय त नवरा गोड कसा लागंल?" काकी म्हणाल्या आणि काठी आपटली. "बदली!" मंडळींनीच सामान खाली उतरवलं. दोघं खालच्या गार खोलीत जाऊन पडली ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठली, आणि उठून पाहतात तर तडजोडीला आलेली माणसं कंटाळून गावी निघून गेलेली. पुढे त्यांना मुलगी झाली. त्या पत्र्यावर मग काकींनी गोणपाट टाकून घेतलं आणि रोज संध्याकाळी त्यावर पाणी मारायचं काम त्या नवऱ्यालाच लावलं.

काकींचं माहेर खारबावकडचं, खाडीच्या काठचं. घरची मिठागरं होती. म्हणून वारा हा विषय त्यांच्या रक्तातच. हातातल्या काठीच्या टोकाला जुन्या लुगड्याची एक चिंधी बांधलेली असे. कुठेही गेल्या की आधी काठी वर धरायच्या आणि चिंधी कुठे फडफडते ते बघायच्या. लग्नाच्या मांडवात, बँकेत, एकदा तर कुणाच्या तरी दहाव्याला. "वारा कंचा ते कललं न्हाय त मीठ पिकत न्हाय," असं म्हणायच्या. बँकेतल्या साहेबांना मिठाचं काय ते कळलं नाही, पण त्यांनी खुर्ची मात्र सरकवून घेतली.

बोलणं म्हणाल तर शेजारी बसलेल्या माणसाशीही गल्लीपलीकडच्याशी बोलावं तसं. आमच्याकडे सगळेच तसे बोलत. शेडमधले लूम दिवसभर खडखडत असायचे, त्यावरून बोलायचं तर घसा हवाच. उलट लाइट गेली, लूम बंद पडले की त्या शांततेनं दचकून चाळीतली सगळी तान्ही पोरं एकदम रडायला लागायची. माझी आई एकदा राहायला आली होती, ती म्हणाली, तुमच्याकडे सगळं उलटंच आहे. परत गेल्यावर तीही महिनाभर घरात ओरडून बोलत होती.

तर, पावसाळा सरता सरता खालची कोपऱ्यातली खोली रिकामी झाली. चाळीतली सगळ्यात उत्तम खोली. दोन बाजूंनी वारा, नळ दारात. आणि काकींचा नेम सगळ्यांना पाठ, की ज्याला खोकला जास्त त्याला खोली चांगली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून चाळ खोकायला लागली. असा खोकला मी जन्मात ऐकला नाही. कुणी सुका खोकत होतं, कुणी ओला. नरसय्या, जो शेडमध्ये लूमवर होता आणि तब्येतीनं पैलवान, तो तर दाराच्या चौकटीला धरून असा खोकायचा की बायको त्याच्या पाठीवर हात फिरवायची आणि हसू लपवायला पदर तोंडात धरायची. मीही खोकले. गोदामातून थकून येणारी बाई, मला काय वाऱ्याचा हक्क नाही?

काकींनी दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना पायरीपुढे बोलावलं आणि एक किस्सा सांगितला. त्यांच्या माहेरच्या कुणा मामानं नवरदेवाकडचा म्हणून चुकीच्या मांडवात बसून जेवून, आहेर घेऊन, वर नवरीला आशीर्वाद दिल्याचा. सांगताना मामाची नक्कल अशी केली की माणसं गडाबडा लोळली. नरसय्याच्या तर डोळ्यांतून पाणी आलं. हसून सगळे दमल्यावर काकी थंडपणे म्हणाल्या, "कोनीच खोकला न्हाय. खऱ्या खोकल्याला हसू सोसत न्हाय, मेल्यांनो." आणि नरसय्याकडे काठी वळवली. "तुना खोकल्याची लय हौस. तीन नंबर तुजा."

आम्ही आणखी हसलो. आणि मग एक खोकला ऐकू आला.

झोया होती ती. अन्सारची मुलगी, तिसरीतली. अन्सारही त्याच शेडमध्ये लूमवर. ही पोर सगळ्यांत जास्त हसली होती आणि आता तिला थांबता येत नव्हतं, ना हसणं ना खोकणं. छातीतून शिट्टीसारखा आवाज. ओठ निळसर. तिची आई शबनम धावत आत गेली, डॉक्टरांनी दिलेला दम्याचा पंप घेऊन आली, दोन फवारे दिले, आणि आम्ही सगळे मघाशी हसत होतो त्या तोंडांनी तसेच उभे. मला माझ्या कालच्या खोकल्याची इतकी लाज वाटली की विचारू नका.

कोपऱ्यातली खोली अर्थातच झोयाला मिळाली. आठवडाभर बरं होतं. मग पुन्हा शिट्टी. काकी म्हणाल्या, खोली मानवली न्हाय. वर नेलं. तिथेही तेच. मग पलीकडच्या टोकाला. शबनमचं सामान आता बांधलेलंच असायचं. शेवटी काकींनी आपली स्वतःची खोली दिली, जिथे त्या लग्न होऊन आल्या होत्या आणि जिथून त्या आजवर कधी हलल्या नव्हत्या. स्वतः ओट्यावर झोपल्या. दोन रात्री झोया शांत झोपली. तिसऱ्या रात्री काकी ओट्यावर उठून बसल्या, आतली शिट्टी ऐकत.

डॉक्टरांनी अन्सारला स्पष्ट सांगितलं की पंप चालू ठेवाच, पण पोरीला या हवेतून हलवता आलं तर बघा. अन्सारनं गावचं तिकीट काढलं, मायलेकींचं. तो स्वतः कसा जाणार? ड्युटी इथे, पोट इथे. सहामाही परीक्षेनंतरची गाडी होती.

"जाव नको," काकी म्हणाल्या.

"वहाँ हवा है, काकी," शबनम भाजी निवडता निवडता म्हणाली. "यहाँ इसके अब्बू हैं. दोनों एक जगह नहीं मिलते."

काकींनी काठी वर धरली आणि चिंधीकडे बघत बसल्या. 

त्या आठवड्यात कुणाचीच बदली झाली नाही. काकी काठी घेऊन गच्चीवर, जिन्यात, संडासाच्या मागे, सगळीकडे फिरायच्या. आणि एका दुपारी गच्चीवरून त्यांची किंकाळी आली. आम्ही धावलो. काकी वाळत टाकलेल्या बोंबलांपुढे उकिडव्या बसल्या होत्या. प्रत्येक बोंबलावर पांढरी बारीक रुई बसली होती. "बगा! माज्या बोंबलाला मिश्या फुटल्या!" गच्ची तीन नंबरपासून सगळ्यात लांबची जागा. सुताची रुई तिथवर येत होती.

हसावं की काय ते कुणाला कळेना. काकींनी एक बोंबील हातात घेतला, फुंकला, आणि सगळ्यांसमोर कबूल केलं. "मना वाटायचं तीन नंबरला खोकला हाय. सगल्या चालीलाच हाय गो. तीन नंबरला फक्त लवकर ऐकू येतो. मी येडी, मानसं फिरवत बसली."

सेठला त्यांनी पंख्यांबद्दल आधी सांगून पाहिलं होतं. सेठ माणूस वाईट नव्हता. दिवाळीला सगळ्या चाळीला मिठाई द्यायचा. पण त्याचं ऑफिस शेडच्या दुसऱ्या टोकाला, काचेच्या केबिनमध्ये, एसी लावून. "काकी, हवा में उड़नेवाली चीज़, उस पे मेरा क्या कंट्रोल?" असं म्हणून तो काकींना थंड पाणी द्यायचा.

पुढच्या शुक्रवारी, लूमला सुट्टी आणि सेठ कुठल्याशा लग्नाला, काकींनी काठी आपटली. "बदली!"

"किसकी?" सगळ्यांनी विचारलं.

"सेठची."

आमच्या चाळीला सामान हलवायची जी सवय होती तिचं त्या दिवशी सोनं झालं. टेबल, फिरती खुर्ची, कापडाच्या नमुन्यांचं कपाट, लक्ष्मीचा फोटो, पाण्याची बाटली उलटी ठेवतात ते यंत्र, सगळं हातोहात तीन नंबरमध्ये. कॉम्प्युटरच्या वायरी मी जोडल्या, इतपत शिक्षण मला होतं. आणि बदली म्हणजे बदली, म्हणून तीन नंबरमधला नरसय्याचा संसार काचेच्या केबिनमध्ये गेला.

शनिवारी सकाळी सेठ आला. केबिनचं दार उघडलं तर नरसय्याची बायको एसी लावून, अंगावर शाल घेऊन कांदे चिरत बसलेली. "चप्पल बाहेर काढा, सेठ," ती म्हणाली. सेठनं काढली, आणि मग त्याला प्रश्न पडला की आपण का काढली.

"काकी, ये क्या है?"

"बदली. शेड घेताना माज्या पायरीवर बसून तू व्हय म्हनलं व्हतं. मी सांगंन तवा खोली बदलाची. जबान दिली व्हती का न्हाय?"

दिली होती. तेव्हा हसत हसत दिली होती. पण जबान ती जबान, आणि शेडमधली सगळी माणसं दारात जमून बघत होती. कापडाच्या धंद्यातला माणूस जबानीवरून फिरला तर उद्या त्याच्याशी सौदा कोण करणार? सेठनं कपाळावरचा घाम पुसला. "ठीक है. बैठते हैं. अपनी ही चाली है."

दुपारपर्यंत त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या. चहाच्या कपावर साय आल्यासारखी रुई. फोनवर सुरतेच्या व्यापाऱ्याशी बोलता बोलता अशा शिंका आल्या की पलीकडच्याला वाटलं हा भाव नाकारतोय, त्यानं आपणहून कमी केला. दुसऱ्या दिवशी सेठ नाकाला रुमाल बांधून आला. चौथ्या दिवशी तो खोकला. अख्खी चाळ कान देऊन होती. खरा खोकला, हे नरसय्यानंसुद्धा मान्य केलं, आणि त्याला त्यातलं कळत होतं. सेठनं मिशीतून रुईचा एक धागा ओढून काढला, उजेडात धरला आणि पुटपुटला, "ये तो अपना ही माल है."

त्यानं पंखे फिरवले. दुसऱ्या बाजूला. आम्ही पेढे वाटले. आणि ते तोंडात असतानाच पलीकडच्या चाळीतल्या बाया हातात लाटणी घेऊन आल्या. आता त्यांच्या घरात रुई! आम्ही बाह्या सरसावल्या. पण काकी आमच्याच अंगावर खेकसल्या, "गप ऱ्हावा. खऱ्या हायेत त्या. तुमचा खोकला त्यांना दिलाव, त तुमी शानं झालं का?" त्या बायांना बसवून चहा पाजला आणि स्वतः गच्चीवर काठी धरून संध्याकाळपर्यंत उभ्या राहिल्या. खाली आल्या तेव्हा निकाल तयार होता.

"रुई सगलीकडं फिरते, कारन तिला घर न्हाय. तिला एक खोली द्या."

तीन नंबर खोली काकींनी रुईला दिली. बिनभाड्यानं. सेठनं पंख्यांपासून त्या खोलीपर्यंत पत्र्याचा बोगदा करून दिला, आत दोऱ्यांवर ओली गोणपाटं टांगली, वर हवेला बारीक जाळी लावली. रुई आत शिरायची आणि ओल्या गोणपाटाला चिकटून बसायची. गोणपाटं रोज धुवायला सेठनं माणूस ठेवला. झोयाच्या घरच्यांनी सोडलेली टोकाची खोली काकींनी नरसय्याला दिली. केबिन सोडताना त्याची बायको रडली.

चाळीतला खोकला संपला असं मी म्हणणार नाही. गटार होतं, ट्रकांचा धूर होता, पावसाळ्यात भिंतींना ओल होती. पण बोंबलांच्या मिश्या गेल्या. झोयाला काकींनी जत्रेतून एक पिपाणी आणून दिली आणि रोज संध्याकाळी वाजवायला लावायच्या, दम कुठवर पुरतो ते ऐकायला. आधी पुसट पुसट पीं व्हायचं. मग ते लांबलं. मग इतकं लांबलं की लूमच्या आवाजावरून ऐकू येऊ लागलं आणि आम्ही सगळे कानांत बोटं घालून अल्लाचे आणि खंडोबाचे आभार मानू लागलो.

तरी तिकीट होतंच. डॉक्टरांनी पुन्हा छाती तपासली आणि म्हणाले की बराच फरक आहे, पंप सोडू नका, थांबून बघायचं तर बघा. बघा म्हणजे ठरवायचं अन्सार-शबनमनं, आणि त्यांना निळे ओठ आठवत होते. निघायच्या दिवशी सकाळी ट्रंक दारात आली. कल्याण स्टेशनला न्यायला रिक्षा गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली.

काकींनी पायरीवर काठी आपटली. "बदली!"

सवयीनं सगळी दारं उघडली. कुणी लुंगीत, कुणी तोंडात ब्रश. नरसय्यानं ट्रंकेचं एक टोक उचललंसुद्धा. "कुठल्या खोलीत, काकी?"

"हिच्याच. जितनं उचलली तितंच ठेव."

"काकी," अन्सार म्हणाला, "फिर से हो गया तो?"

"झालं त मी सोता गाडीत बसवून देन. तुज्या गावापरेंत येन." आवाज नेहमीसारखा चढला नव्हता, आणि त्या काठीवर टेकल्या होत्या. "पन आज नको न्यू. मना ऱ्हावनार न्हाय रे तिच्याबिगर. त्या पिपानीबिगर झोप लागत न्हाय मना."

शबनम ट्रंकेवर बसली. तिनं अन्सारकडे पाहिलं, अन्सारनं तिच्याकडे. आम्ही कुणी खोकलोही नाही. मग ती उठली, झाकण उघडलं आणि कपड्यांखालून तवा बाहेर काढला.

अन्सार रिक्षावाल्याला परत पाठवायला गल्लीच्या तोंडाकडे निघाला. झोया त्याच्या आधी पळत पोचली होती.